दिव्यांग मुलाच्या आईची मजुरी

आयकर भरणाऱ्या माणसावर दिव्यांग कुटुंबीय अवलंबून असेल, तर जुन्या करप्रणालीत त्याला करपात्र उत्पन्नातून वर्षाला ७५ हजार रुपयांची वजावट मिळते आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर ती सव्वा लाखाची होते. केंद्र सरकारच्या सेवेतील महिलेला संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा घेता येते आणि मूल दिव्यांग असल्यास एरवी असणारी मुलाच्या वयाची अट त्या रजेला लागू होत नाही. एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका सरकारी महाविद्यालयातील प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, स्त्रियांचा नोकरीतील सहभाग ही कोणाची मेहेरबानी नसून संविधानाची अपेक्षा आहे असे बजावले आणि दिव्यांग मुलांच्या मातांसाठी रजेच्या धोरणाचा फेरविचार करण्यास राज्य सरकारला सांगितले. या तिन्ही गोष्टी योग्य आहेत आणि त्यांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. दिव्यांग मुलाला सांभाळणे हे काम आहे, त्याला वेळ आणि पैसा लागतो आणि त्याचा सगळा भार एका कुटुंबावर टाकणे अन्यायाचे आहे, हे शासनाने आणि न्यायालयाने मान्य केले आहे. मला विचारायचे आहे ते एवढेच की, हे तत्त्व पगारदाराच्या दारापाशी येऊन का थांबते?

कारण ज्यांना त्याची सर्वांत अधिक गरज आहे, त्या शेतमजूर, ऊसतोड कामगार, घरकाम करणाऱ्या आणि बांधकामावर जाणाऱ्या आईला यातले काहीच मिळत नाही. ती आयकर भरत नाही, म्हणून वजावट नाही. तिला रजा नाही. ज्या दिवशी ती कामावर जात नाही, त्या दिवसाची मजुरी बुडते. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेची मदत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला मिळते, परंतु वयाच्या अठराव्या वर्षानंतरच. म्हणजे मूल लहान असते, त्याला उचलावे, भरवावे, फिजिओथेरपीला न्यावे लागते आणि योग्य वेळी केलेल्या प्रयत्नांचा सर्वाधिक उपयोग होण्याची शक्यता असते, ती सगळी वर्षे या योजनेच्या बाहेर राहतात. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर केंद्राकडून जे मिळते, ते महिन्याला ३०० रुपये. २०१२ पासून त्यात वाढ नाही. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. महिनाभराची मदत एका दिवसाच्या मजुरीलाही पुरत नाही. महाराष्ट्राने २०२५ मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांगांचे अनुदान दीड हजारावरून अडीच हजार रुपये केले, हे स्वागतार्ह आहे. मात्र ही योजना निराधाराच्या निर्वाहासाठी आहे, तिची उत्पन्नमर्यादा फार खालची आहे आणि मुलाला सांभाळण्यासाठी घरी थांबलेल्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचा विचार तिच्या रचनेतच नाही.

कायद्याने मात्र तो विचार केला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. त्याच कायद्याच्या कलम २४ मधील सामाजिक सुरक्षेच्या तरतुदींत, ज्यांना अधिक आधाराची गरज आहे अशा व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. अशी गरज कोणाला आहे, हे ठरवण्यासाठी मूल्यांकन मंडळाची पद्धत कलम ३८ मध्ये दिली आहे. शिवाय दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावी, असेही कलम २४ सांगते. प्रत्यक्षात केंद्राचे विधवा निवृत्तिवेतन आणि दिव्यांग निवृत्तिवेतन दोन्ही ३०० रुपयांवरच उभी आहेत.

याच कलमात एक शब्दप्रयोग आहे, ज्याच्या आडोशाने सरकारला इतकी वर्षे स्वस्थ बसता आले. शासनाने या योजना आपल्या ‘आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत’ कराव्यात, असे त्यात म्हटले आहे. साधने मर्यादित असलेल्या देशात अशी अट येणार, हे समजू शकते. पण क्षमता नाही असे म्हणण्याआधी क्षमता कशावर खर्च होते, हे पाहिले पाहिजे. जुलै २०२४ पासून महाराष्ट्र शासन दोन कोटींहून अधिक महिलांच्या बँक खात्यांत दरमहा दीड हजार रुपये थेट जमा करू लागले. त्या योजनेबद्दल कोणाचे काहीही मत असो, तिने एक गोष्ट वादातीतपणे दाखवून दिली. निर्णय झाला, तर काही महिन्यांत वाडीवस्तीवरच्या बाईच्या खात्यात पैसे पोहोचवण्याची यंत्रणा या राज्याकडे आहे. ज्यांना चोवीस तास दुसऱ्याचा आधार लागतो, अशी मुले त्या संख्येच्या मानाने फारच थोडी आहेत.

सांभाळणे म्हणजे काय, हे धोरण आखणाऱ्यांनी जवळून पाहायला हवे, म्हणून येथे एकच गोष्ट सविस्तर सांगतो. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसणे, असलेल्या, मान नीट न धरणाऱ्या मुलाला जेवू घालणे. आपल्याकडे तान्ह्या मुलाला मांडीवर आडवे घेऊन भरवण्याची पद्धत आहे आणि मूल मान धरत नाही म्हणून आई पाच-सात वर्षांच्या मुलालाही तसेच भरवत राहते. मान मागे गेलेल्या अवस्थेत पातळ पेज किंवा वरण घशात ओतले गेले की, त्यातला काही भाग श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. मुलाला ठसका लागतो, छाती घरघरते, वारंवार न्यूमोनिया होतो आणि घरचे समजतात की मुलाची प्रकृतीच नाजूक आहे. पाठ टेकवून बसते करणे, पायांना खाली आधार देणे, मान किंचित पुढे ठेवणे, चमचा वरून न आणता समोरून आणणे, घास लहान आणि घट्टसर ठेवणे आणि आधीचा घास गिळेपर्यंत थांबणे, एवढ्या बदलाने पुष्कळ फरक पडतो. खास खुर्ची नसेल तर भिंतीचा कोपरा, दोन उशा आणि पायाखाली एखादा पाट चालतो. हे शिकवायला मोठे रुग्णालय लागत नाही. घरात येऊन, त्याच कोपऱ्यात, त्याच ताटवाटीने करून दाखवणारे कोणी तरी लागते. पण हे शिकल्यानंतरही एका जेवणाला पाऊण तास किंवा तास लागतो, दिवसातून तीन-चार वेळा. त्यात अंघोळ, कपडे, झटक्यांचे औषध वेळेवर देणे, कुशी बदलणे हे सगळे धरले, तर या बाईने मजुरीला जायचे कधी?

आणि ती गेलीच, तर तिच्या जागी बहुधा घरातली मोठी मुलगी थांबते. ती शाळेत नावापुरती राहते आणि पुढे तेवढीही राहत नाही. दिव्यांग मुलाच्या शिक्षणाचा आढावा घेताना त्याच्या या बहिणीची गळती कोणत्याही रकान्यात दिसत नाही.

आपली आजची व्यवस्था कुटुंबाने केंद्राकडे यावे, या गृहीतकावर उभी आहे. मुंबईत हाजीअलीला भौतिक उपचार व पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ पासून आहे, वांद्र्याला श्रवणदोषासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९६४ मध्ये पुण्यात ‘कामायनी’ आणि १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी सुरू झाली. या संस्थांनी केलेले काम मोठे आहे आणि त्यांतल्या कित्येकांच्या मागे स्वतः पालकांची जिद्द आहे. पण थेरपी ही आठवड्यातून दोनदा, वर्षानुवर्षे करायची गोष्ट आहे. दुर्गम तालुक्यातल्या आईला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर पहाटेची एसटी पकडावी लागते, दहा-बारा वर्षांचे मूल कडेवर किंवा पाठीवर घ्यावे लागते, दोघांचे भाडे, बाहेरचे खाणे आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी सोसावी लागते. चार-सहा खेपा झाल्या की ती यायची थांबते आणि केंद्रातल्या कागदावर ‘पालकांचा प्रतिसाद नाही’ अशी नोंद होते. ही नोंद मला फार अन्यायाची वाटते. जे घडले त्याचे कारण तिच्या मनात नाही, एसटीच्या वेळापत्रकात आणि तिच्या रोजंदारीत आहे.

शोध घेण्याची यंत्रणा आपल्याकडे आहे, हेही सांगितले पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच झाली. या कार्यक्रमात डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊन मुलांची तपासणी करते. वाकडे पाय, दुभंगलेले ओठ, हृदयातील छिद्र अशा, एका टप्प्यावर उपचार करून बऱ्याच अंशी सुटणाऱ्या प्रश्नांत त्याचा चांगला उपयोग झाला आहे. ज्यांचा प्रश्न शस्त्रक्रियेने सुटत नाही, त्या मुलांच्या बाबतीत मात्र तपासणीनंतर चिठ्ठी मिळते आणि चिठ्ठीनंतर पुन्हा तीच एसटी.

अशा मुलांची संख्याही आपण कमी धरतो. २०११ च्या जनगणनेत देशात २.२१ टक्के लोकसंख्या दिव्यांग नोंदली गेली. देशातील पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मज्जासंस्थेच्या वाढीशी निगडित विकार, ज्यात अपस्मार, श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता इत्यादींचा समावेश होता, ते दोन ते सहा वर्षांच्या आतील ९.२ टक्के आणि सहा ते नऊ वर्षांच्या १३.६ टक्के मुलांत आढळले. उत्तर गोवा हे त्या पाच ठिकाणांपैकी एक होते. दोन्ही आकड्यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत, म्हणून त्यांची थेट तुलना करू नये. परंतु ‘मामाही उशिराच बोलला होता, हाही बोलेल’ म्हणून घरीच राहिलेली मुले जनगणनेच्या प्रश्नाला सापडत नाहीत, एवढे त्यातून नक्की समजते.

मदत घरापर्यंत नेता येते का, आणि तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित माणसाकडून ती नेता येते का, याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील सहकाऱ्यांनी मिळून स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी घरी जाऊन करण्याचा एक कार्यक्रम तपासून पाहिला. तो स्थानिक, बिगरतज्ज्ञ कार्यकर्त्यांनी राबवला आणि त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त प्रसिद्ध झाले. पालक मुलाच्या कलाने बोलू लागले आणि मूल आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. सगळ्याच बाबतीत सुधारणा दिसली नाही, हेही त्याच अभ्यासाने प्रामाणिकपणे नोंदवले. जागतिक आरोग्य संघटनेने विकासात मागे पडणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी नऊ गटबैठका आणि तीन गृहभेटींचा जो अभ्यासक्रम तयार केला आहे, तोही बिगरतज्ज्ञांनी चालवावा अशाच बेताने रचलेला आहे. बांगलादेशात आणि नंतर घानात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पालकांचे गट बांधून भरवणे, बसवणे, खेळवणे शिकवले गेले. अशा गटांत आयांचा आत्मविश्वास वाढला, एकटेपणा कमी झाला. ग्रहणात भाजी चिरली म्हणून, नवस फेडला नाही म्हणून मूल असे झाले, हे सासरी ऐकत आलेल्या बाईला आपल्यासारख्या आणखी दहा बाया भेटणे, हाही एक उपचार आहे. पण मुलांच्या कुपोषणाचा प्रश्न गटाने सुटला नाही. घास कसा भरवायचा हे शिकवता येते. ताटात घालायला काही नसेल तर त्या शिकवणीचा हात अपुरा पडतो.

म्हणूनच कौशल्य आणि पैसा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी द्याव्या लागतील, असे माझे ठाम मत आहे. भारतात केरळने अंथरुणाला खिळलेल्या आणि पूर्णवेळ काळजी लागणाऱ्या व्यक्तींना सांभाळणाऱ्यांसाठी ‘आश्वासकिरणम्’ ही योजना सुरू केली. तिची ६०० रुपयांची मासिक रक्कम तोकडी आहे आणि ती थकत असल्याच्या तक्रारीही होत आल्या आहेत, तरी सांभाळणाऱ्याच्या नावाने रक्कम देता येते हे तिने सिद्ध केले. दक्षिण आफ्रिकेत अठरा वर्षांखालील तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी सांभाळणाऱ्याला जे अनुदान मिळते, ते वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाइतके असते. तोही काही श्रीमंत देश नव्हे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. आईला या कामाचे पैसे दिले, तर ती त्या कामाला कायमची बांधली जाईल, बाप आणि बाकीचे घर मोकळे होईल आणि शासनही सेवा उभारण्याच्या जबाबदारीतून सुटेल, असे स्त्री-चळवळीतील अनेकांना वाटते. मला हा धोका खरा वाटतो. त्यावरचा उपाय मात्र आज चालू असलेले फुकटचे काम फुकटच ठेवणे हा असू शकत नाही. भत्ता प्रत्यक्ष सांभाळणाऱ्याला मिळावा, मग ती आई असो, बाप असो, आजी असो. आणि भत्त्याच्या जोडीला आठवड्यातले काही तास तरी मूल सुरक्षित हाती सोपवून तिला बाहेर पडता यावे, अशी जागा गावाच्या आसपास असावी. मजुरीला, बाजाराला, स्वतःच्या दुखणाऱ्या पाठीवर इलाज करायला किंवा नुसते झोपायला. भत्त्याशिवाय नुसती जागा दिली तर गरीब आईला तिथे पोहोचणे जमणार नाही. जागेशिवाय नुसता भत्ता दिला तर आक्षेप खरा ठरेल.

अशा जागेसाठी पैसा कुठून येणार, या प्रश्नाचे निम्मे उत्तर महाराष्ट्रात आधीच लिहून ठेवले आहे. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा शासनाचा आदेश आहे. लहान ग्रामपंचायतीत ही रक्कम इतकी थोडी असते की, मार्चअखेर ती घाईघाईने काही जणांत वाटून टाकली जाते किंवा एखादी वस्तू देऊन फोटो काढला जातो. तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या एका साहित्यवाटप शिबिरात मी एका सात-आठ वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाच्या मापाच्या चाकाच्या खुर्चीत बसलेले पाहिले. तिचे पाय पायटेकूपर्यंत पोहोचत नव्हते, छातीला पट्टा नव्हता आणि ती एका कुशीला कलंडू नये म्हणून तिची आई पूर्ण वेळ एका हाताने तिला धरून उभी होती. ती खुर्ची घरच्या उंबऱ्यावरून आत जाईल का, हे तिला कोणी विचारले नाही. दहा-बारा गावांनी हाच पाच टक्के निधी एकत्र केला, जिल्हा परिषदेच्या शाळेतील रिकामी खोली घेतली, गावातीलच दोन महिलांना प्रशिक्षण आणि मानधन दिले आणि महिन्यातून ठरलेल्या दिवशी जिल्ह्याचा थेरपिस्ट तिथे आणला, तर कुटुंबाने केंद्राकडे जाण्याऐवजी केंद्र कुटुंबाकडे येईल. हे काम आधीच ओझ्याखाली दबलेल्या आशा आणि अंगणवाडीताईंच्या माथी मारू नये. मूल शोधण्यात त्यांची मदत घ्यावी, पण सांभाळण्यासाठी वेगळे माणूस आणि वेगळे मानधन हवे.

दुसरा आक्षेप बनावट प्रमाणपत्रांचा. गेल्या काही वर्षांत अशी प्रकरणे उघड झाली आणि लोकांचा संताप रास्त होता. परंतु फसवणूक बहुधा नोकरी आणि प्रवेशाच्या राखीव जागांसाठी होते; स्वतःहून कूस न बदलणाऱ्या मुलाचे सोंग कोणी आणत नाही. तरीही तपासणी कडक झाली की तिचा फेरा याच कुटुंबांना पडतो. जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारीच मंडळ बसते, त्या दिवशी मानसशास्त्रज्ञ रजेवर असला तर पुढची तारीख मिळते, मूल लहान असेल तर प्रमाणपत्र तात्पुरते मिळते आणि काही वर्षांनी सगळे पुन्हा. टक्केवारी चाळीसच्या खाली भरली, तर बहुतेक योजनांची दारे बंद होतात. शिवाय ही टक्केवारी शरीरातील दोष मोजते. घरात दुसरा कमावणारा आहे का, आई एकटी आहे का, मुलाला रात्री किती वेळा उठून पाहावे लागते, यांतले काहीच ती मोजत नाही. कलम ३८ चे मूल्यांकन नेमके याच गोष्टींसाठी वापरता येईल, आणि ते मंडळापुढे बोलावून न करता घरी जाऊन केले, तर अर्ध्या दिवसात एका कुटुंबाची खरी गरज समजेल. राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. काळजीवाहक भत्त्याची योजना आणि गृहभेटीतून मूल्यांकनाची पद्धत तयार करणे हे त्या विभागाचे पहिल्या रांगेतले काम असायला हवे.

ही योजना कोणत्या कुटुंबाला डोळ्यांपुढे ठेवून लिहावी, याबद्दल मला शंका नाही. दसऱ्यानंतर बीडमधून ऊसतोडीला निघणाऱ्या कोयत्याच्या, म्हणजे मिळून ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या, घरात असे मूल असेल, तर त्याला फडावर तात्पुरत्या कोपीत न्यायचे की गावी थकलेल्या आजीपाशी ठेवायचे, हे दरवर्षी ठरवावे लागते. नेले तर औषध आणि थेरपी तुटते. ठेवले तर आजीला त्याला उचलणे झेपत नाही. भत्ता बँक खात्यात जमा होत असल्याने कारखान्याच्या गावीही काढता येईल. दिव्यांगांच्या ‘यूडीआयडी’ ओळखपत्राचा क्रमांक देशभर चालतो, त्यामुळे अपस्माराच्या गोळ्या आणि गृहभेट त्या क्रमांकावर मुक्कामाच्या तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळण्यास तांत्रिक अडचण नाही. आणि मूल गावी राहिले, तर त्या सहा महिन्यांचा भत्ता आजीच्या खात्यात वळवता यावा, एवढी सोय योजनेच्या पहिल्याच शासन निर्णयात असली पाहिजे.